रंग वगळून

म्हापशाच्या आमच्या बोतिकेतली ही वही.
अक्षर वडिलांचं, शिरोरेघ न उचलता ओढलेलं,
औषधांची नावं तेवढी पोर्तुगीज.
शुक्रवारची पानं जरा तेलकट, बाजाराचा दिवस.

छत्तीस साल, नोव्हेंबर.
“पिएदाद, पोदेराची सून, काणका.
बाळंतपणाचा तिसरा दिवस. ताप एकशे चार.”
शेजारी अंगठ्याचा ठसा, तांबडा.
शाईचा नव्हे.

बाटली जर्मनीची, लिस्बनहून बोटीने मुरगावला उतरलेली,
होडीतून पणजी, मग कारेरीत दोतोरांच्या मांडीवर.
ते म्हणाले, कापड रंगवायच्या रसायनांतून निघालंय हे.
पलीकडचा तातू रंगारी दारात उभा होता.
त्याने दोन्ही हात वर केले, कोपरापर्यंत लाल:
“म्हणजे मी मरायचाच नाही की काय?”

पहाटे वैजीण किंचाळली.
चादर तांबडी, घाम तांबडा,
भांड्यातलं पाणी तर कुंकू कालवल्यासारखं.
“रगत गेलें गे सगळें!”
वडिलांनी बोट बुडवलं, नाकाशी नेलं.
रक्त नव्हतं.
आणि बाईचं कपाळ गार होतं,
ती भाताची पेज मागत होती.
सासूने तेवढंच विचारलं: हे धुतल्यावर जाईल ना?

नाताळच्या सुमाराला दोतोरांकडे एक फ्रेंच मासिक आलं,
वर्षभर जुनं.
त्यांनी बोतिकेच्या बाकावर बसून अर्थ सांगितला.
काचेच्या नळीत हे औषध जंतूंना शिवतसुद्धा नाही.
उंदराच्या अंगात गेलं की मात्र मारतं.
का?
तर देह त्याला मधोमध मोडतो.
मोडलं की रंग संपतो
आणि उरते एक पांढरी भुकटी. काम तिचं.
लाल उगाचच होतं.

म्हणजे आम्ही बाटली फोडली,
पिएदादची चादर घाबरून पिळली,
तेव्हाही तिकडे हे ठाऊक होतं. टपाल बोटीत होतं.

वडिलांनी विचारलं, ही पांढरी पहिल्यांदा केली कधी?
दोतोरांनी पान उलटलं.
आठ साली. कोणा विद्यार्थ्याने. रंगांच्याच शोधात.
जंतूंवर टाकून पाहावी असं कुणाला सुचलं नाही.

सत्तावीस वर्षं.
एखाद्या फडताळात, झाकण लावलेली.

त्या रात्री त्यांनी वही मागे चाळली असावी.
शिवोलीची एक, थिवीच्या दोघी, अस्नोड्याची,
नावांपुढे पेन्सिलीचे बारीक टिंब,
एकोणतीस सालापर्यंत पोचलेले. तिथे कोपरा मुडपलेला.
“सौ. मंजुळा. तिसरा दिवस. क्विनीन.
बर्फ पणजीहून, भुशात.”
पैशांच्या रकान्यात काहीच नाही, घरचंच गिऱ्हाईक.
त्याआधी टिंब नाहीत.
पुढे मोजायचं त्यांनी सोडलं.

मी दुसरेपणाची मुलगी, चौतीस सालची.
मंजुळाबाई वाचत्या
तर माझी आई मयेतच कुणाच्या तरी संसारात म्हातारी झाली असती,
आणि मी,
कशी म्हणू,
मी ही वही उघडायला नसते.
हे मोठ्याने कधी बोलले नाही.
ज्या धुळीने त्या गेल्या, त्याच धुळीने मी आले.

एकतीस वर्षं मी प्रयोगशाळेत काढली, शेवटची बांबोळीला.
जंतूंच्या ताटलीवर औषधाची चकती ठेवायची,
दुसऱ्या दिवशी भोवतीचं मोकळं वर्तुळ पट्टीने मोजायचं.
सल्फाच्या चकतीभोवती
पुढे पुढे वर्तुळ पडेनासंच झालं.
नोंदीत मी शून्य लिहायचे, वडिलांसारखंच, रेघ न उचलता.

पिएदाद नव्वदीपर्यंत जगली.
नाताळला दोदोल घेऊन यायची, काउंटरवर कोपर टेकून उभी राहायची.
दरवर्षी एकच तक्रार:
कोंपावदार, तुमच्या औषधाने माझी एक उशीची खोळ वाया गेली.